पानावर तीन होतं

दादाराव, काल तुझ्या पुण्यानुमोदनाला गेल्तो. जाफराबादच्या यष्टीत उभ्यानं गेलो आणि उभ्यानंच परत आलो. आज सकाळपासून जालन्यात मस्तगडच्या घरात बसून राह्यलो. हिनं दोनदा येऊन जेवणाची आठवण केली, तेव्हा जेवलो. काय भाजी होती ते विचारशील तर सांगता येणार नाही. परवाच्या गाडीनं हैदराबादला जायचं, ऑफिसात हजर व्हायचं, आणि त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मला दोन वर्षं मिळाली होती. ती मी आज सांगू, उद्या सांगू करत काढली. आता सांगायला बसलो तर ऐकायला तूच नाहीस. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

काल मंडपात सगळे चांगलंच बोलले. गुरुजी म्हणाले, गावातला पहिला एमेस्सी. सरपंच म्हणाले, दादारावनं हैदराबादला कंप्युटर बनवला. मागच्या सतरंजीवर बसून मला तुझं उत्तर ऐकू आलं, "बनवला न्हाई हो, त्याला मापं शिकवली." हे तू इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंस, तरी शेवटी कंप्युटर बनवणाराच राहिलास. मी उठून सरपंचांना दुरुस्त केलं नाही. तुझ्याबद्दल दुरुस्त करायची गोष्ट दुसरीच होती.

आपलं काम लोकांना सांगणं म्हणजे डोक्याला ताप. माणूस त्याच्या सोयीच्या भाषेत लिहितो की या दोन आकड्यांची बेरीज कर. यंत्राला ती भाषा कळत नाही, त्याला एक आणि शून्य एवढंच कळतं. मधे बसून याचं त्याला उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर, आणि आपण तो लिहायचो. मी एवढं बोलेपर्यंत समोरचा उठून गेलेला असायचा. तू मात्र एका दुपारी अंगणातल्या बाजेवर बसून तुझ्या बाबांना हे असं सांगितलंस की मलाच ते नव्यानं कळलं.

"बा, समज कोणी म्हणलं, ज्वारी घे. घेणारानं इचारायला पायजे का न्हाई, किती अन् कशात?"

"पायजे."

"लिव्हणारा माणूस तेवढं सांगत न्हाई. तो म्हणतो, आकडा घे. मंग तो किती कप्प्यात बसवायचा, पूर्ण हाये का दशांशाचा, उणे असला तर खूण कुठं करायची, हे आमच्या कंपायलरनं बघायचं. अन् दर यंत्राचा कप्पा येगळा."

"म्हंजे पायलीवानी," बाबा तंबाखू मळत म्हणाले. "जाफराबादची येगळी, परतूरची येगळी."

"बराबर."

"एका घरात बी दोन असत्यात. रोजगाऱ्याला घालताना हात फिरवून सपाट. अन् उसनं परत घेताना शिगेनं."

ते घर कोणतं हे तिघांनाही ठाऊक होतं. तुझे बाबा आमच्याच शेतात रोजानं यायचे, आणि माझे आजोबा पायलीवरून हात कसा फिरवायचे ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. मी खाली बघितलं. तू लगेच हसून विषय पुढं नेलास. "आमच्या मापाला शीग न्हाई, बा. काठापर्यंत काय ते. वर गेलं की सांडलं."

"सांडलेलं दिसतं तरी."

"तेच तर. दिसत न्हाई, अन् आवाज बी होत न्हाई."

"मंग लई वंगाळ माप हाये तुमचं," बाबा म्हणाले आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. परतीच्या यष्टीत तू मला म्हणालास, बाबांनी दोन वाक्यात आपल्या अख्ख्या डिपार्टमेंटचे वाभाडे काढले. घरातल्या दोन पायल्यांबद्दल मात्र तू तेव्हाही काही बोलला नाहीस आणि नंतरही कधी नाही. मला वाटायचं तू विसरलास. आता वाटतं, तू माझ्यावर उपकार करत होतास.

जुनं यंत्र जाऊन नवं आलं तेव्हाचे आपले वाद आठवतात का? जुन्याचा कप्पा बारा खणांचा, म्हणजे बारा एक-शून्यं मावतील एवढा. नव्याचा सोळांचा. पूर्ण आकडा दोन्हीकडं एका कप्प्यात बसायचा, पण दशांशाचा आकडा जुन्यावर तीन कप्पे खायचा आणि नव्यावर दोनात मावायचा. कंपायलर सगळा तपासून नव्या मापावर आणायचा होता. तू एका पानावर तक्ता केलास. कोणत्या जातीचा आकडा किती कप्पे घेतो, कुठून सुरू होतो, अक्षरं कप्प्यात कशी बसतात. आणि फतवा काढलास, "प्रोग्रॅममधी कुठंबी हातानं दोन-तीन लिव्हायचं न्हाई. आकार पायजे असला की तक्त्याला इचारायचं. माप एकाच ठिकाणी लिव्हलेलं पायजे, अन् सगळ्यांनी तिथंच बघायला पायजे."

मी म्हणायचो, दर वेळी तक्त्यात डोकवायचं म्हणजे यंत्राचा वेळ जातो. दशांशाला दोन कप्पे, हे काय उद्या बदलणारे का?

"काल तीन व्हते."

"ते यंत्र बदललं म्हणून."

"मंग हे काय सोन्याचं हाये? हे बी बदलंल."

मग मी दुसरा वाद काढायचो. एका कप्प्यात दोन अक्षरं बसतात, तर पहिलं अक्षर डावीकडं ठेवायचं का उजवीकडं? तू म्हणायचास डावीकडं, आपण लिहितो तसं. मी म्हणायचो उजवीकडं, कारण यंत्र खण उजवीकडून मोजतं. कँटीनच्या टेबलावर चहाच्या ओल्या बशीनं चौकोन काढून आपण तीन महिने भांडलो. तिसरा कोणी येऊन बसला की पाच मिनिटांत कप घेऊन उठायचा.

त्याच टेबलावर तू एकदा कागदावर मराठीचा हिशोब मांडला होतास. आठ खणांत आपली अक्षरं बसवायची. व्यंजन वेगळं, काना-मात्रा वेगळी, जोडाक्षराला एक खुणेचं चिन्ह. मी म्हणालो, छापणार कशावर, आपल्या छपाईयंत्राला इंग्रजीची मोठी अक्षरं सोडून काही येत नाही. तू म्हणालास, "छापणारं येईल कवातरी. माप तयार पायजे." तो कागद मी घडी घालून पाकिटात ठेवला होता. का ते तेव्हा कळलं नाही. तुझ्या अशा कागदांवरच तर मी शिकलो. मला कंपायलरच्या गटात घ्या म्हणून तूच आपल्या साहेबांना सांगितलं होतंस. माझं काम कच्चं असायचं, आणि तू ते गुपचूप पक्कं करून माझ्याच नावानं पुढं द्यायचास. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हेही नाही.

आता त्या दिवाळीचं सांगतो.

यंत्र आपल्याला आठवड्याला दोन तास मिळायचं. दिवाळी झाल्या झाल्या ऑफिसात येणाऱ्या पाहुण्यांपुढं नवा कंपायलर चालवून दाखवायचा होता, आणि आकड्यांच्या यादीचा भाग तेवढा राहिला होता. तो लिहायचं काम माझ्याकडं होतं. यादीतला पाचवा आकडा काढायचा तर आधीचे चार ओलांडावे लागतात, आणि एकेक ओलांडायला किती कप्पे हे कंपायलरला माहीत लागतं. मी जुन्या यंत्राची पानं समोर ठेवून नवी उतरवली. सुट्टीत तू जाफराबादहून मस्तगडला आलास, आणि पुढच्या खोलीत आपण तीन दिवस ती पानं वाचली.

वाचायची रीत तुझीच. पक्की पानं माझ्याकडं, कच्चा आराखडा तुझ्याकडं. मी मोठ्यानं एकेक ओळ वाचायची, तू तुझ्या कागदाशी ताडून बघायची. बरोबर असली की "पुढं". चुकली की "थांब". आणि एकदा थांब म्हटलं की चूक दुरुस्त करून ते पान पहिल्या ओळीपासून परत. मी कटकट करायचो की एका ओळीसाठी सगळं पान कशाला? तू म्हणायचास, "एक चूक दुरुस्त करताना माणूस दुसरी करतो. तू तर करतोसच." शेवटी पानाच्या कोपऱ्यात तू तपासणारा म्हणून सही करायचास. लिहिणाऱ्याची चूक माफ, तपासणाऱ्याची नाही, हा ऑफिसचा कायदा, आणि तोही तुझ्याच आग्रहानं झालेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पान होतं, दशांशाच्या यादीचं. तुझी यष्टी चारची. माझ्याकडं सासरची मंडळी यायची होती, आतून दोनदा निरोप आला होता. त्या एका पानावर तू मला आधीच चारदा थांबवलं होतंस आणि चारदा आपण वरून सुरू केलं होतं. माझा घसा बसला होता आणि डोकं उठलं होतं. सतराव्या ओळीवर आलो. पानावर माझ्या हातानं लिहिलं होतं, गुणिले तीन. जुन्या पानावरून तसंच उतरलं होतं.

मला दिसलं, दादाराव. नजरचूक नव्हती ती. तीन दिसलं, ते चूक आहे हे कळलं, आणि वाचलं तर तू थांब म्हणशील आणि पाचव्यांदा वरून सुरू करावं लागेल, हेही कळलं. मी वाचलं, "गुणिले आकार, तक्त्यातून."

तू म्हणालास, "पुढं."

मनात म्हटलं, सासरची मंडळी गेली की खोडून नीट करू. तू सही केलीस, फराळाचा डबा पिशवीत टाकलास आणि गेलास. मंडळी आली, दिवाळी झाली, माझ्या डोक्यातून ते साफ गेलं. पान तसंच यंत्राची भोकांची कार्डं पाडायला गेलं.

पाहुण्यांपुढं दाखवायला तू पावसाचे आकडे निवडले होतेस. बहात्तर साली आपल्या भागातल्या तालुक्यांत किती पाऊस पडला ते. यादीत पहिलं जाफराबाद, कारण यादी तू केली होतीस. पूर्ण आकड्यांची यादी आदल्या आठवड्यात यंत्रावर नीट चालली होती, दशांशाची आपण फक्त वाचून तपासली होती. कागद सरकत बाहेर आला. जाफराबादचा पाऊस तेवढा बराबर आला. त्याच्या खाली एक आकडा असा, की तेवढ्या पावसात हैदराबादसुद्धा बुडालं असतं. मग एक खरा वाटणारा, पण भलत्याच तालुक्याचा. मग परत बुडवणारा. आकडे दोन-दोन कप्प्यांवर ठेवलेले, आणि यंत्र तीन-तीनवर उडी मारून वाचत होतं, अर्धा याचा आणि अर्धा त्याचा. तू ओळखलंस. पाहुणे अजून तोंडावर हात ठेवून बघत होते, तेवढ्यात तू हळूच म्हणालास, "कुठंतरी तीन राह्यलं."

पाहुणे गेल्यावर साहेबांनी पानं मागवली. सतराव्या ओळीवर बोट ठेवलं, कोपऱ्यातली सही बघितली. तुझ्याकडं न बघता बाजूच्यांना म्हणाले, "कोटे से आदमी लोगे तो यही होगा." खोलीत आपण सहाजण होतो. तू उभा होतास, मी तुझ्या शेजारी. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की साहेब, याला मी खोटं वाचून दाखवलं. सहा शब्द. मी फरशीकडं बघत राहिलो. मलाही तेव्हा दोन शब्द ऐकावे लागले, "जरा ध्यान दो", आणि सुटलो. तुला त्याच आठवड्यात गटातून काढून, यंत्र कसं वापरायचं त्याची पुस्तिका लिहायला बसवलं.

मी तेव्हा मनाशी काय काय म्हटलं ते सांगू? म्हटलं, वातावरण निवळू दे. म्हटलं, साहेबांचं तुझ्याबद्दल मत आधीपासूनच तसं होतं, मी बोलून काय फरक पडणार. ते मत आधीपासून होतं हे खरं आहे. पण दोन वर्षं त्या मताला मी पुरावा पुरवला. माझ्या नावाच्या मागं कोणी कोटा लावणार नव्हतं. माझी चूक ती नुसती चूक राहिली असती. तुझी चूक झाली की ती सगळ्या वस्तीची होते, हे तुला कळत होतं आणि मलाही कळत होतं.

त्यानंतरच्या सुट्टीत आपण गाडीनं जालन्याला येत होतो. परतूरला गाडी थांबली. तू खिडकीतून चहा घेतलास, एक कप माझ्या हातात दिलास आणि सहज विचारावं तसं विचारलंस, "अंकुश, त्या दिवशी सतराव्या ओळीला तू काय वाचलंतं?"

याहून चांगली संधी माणसाला मिळत नाही. डब्यात ओळखीचं कोणी नव्हतं. तू चिडलेला नव्हतास. मी म्हणालो, "जे लिहिलंतं तेच. तीन."

तू कपात बघितलंस. "मला आकार ऐकू आलं," म्हणालास. "मंग माझीच गलती." गाडी हलली. जालना येईपर्यंत तू झोपल्यासारखा पडून होतास.

तिथून तू बदललास. कोणी काही सांगितलं की म्हणायचास, "परत सांग." सांगितलं की कागदावर लिहून त्याला दाखवायचास, "हेच म्हणालास ना?" ऑफिसातली पोरं तुला बहिरोबा म्हणायला लागली. तू चिडायचा नाहीस. एकदा कँटीनमधे कोणीतरी तुझी नक्कल केली आणि सगळे हसले. मीही हसलो. तू माझ्याकडं बघितलंस, आणि मग तूही हसलास. त्या पुस्तिकेचं प्रत्येक पान तू तीनदा तपासलंस, एकटा, स्वतःशीच मोठ्यानं वाचून. आज बाहेरचे लोक आपलं यंत्र वापरतात ते त्याच पुस्तिकेवरून. तुझा तक्ता तिच्यात जसाच्या तसा आहे. नाव नाही.

कावीळ झाली म्हणून तुला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी रजा काढून आलो. खरं सांगतो, सांगायलाच आल्तो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मला बघून पहिली गोष्ट काय विचारलीस, तर "ती डाव्या-उजव्याची भानगड मिटली का?" मी म्हणालो, मिटली, डावीकडून ठेवायचं ठरलं. ते ठरलेलं नव्हतं, दादाराव. अजूनही नाही. तू खूश झालास आणि मी ठरवून आलेलं गिळून टाकलं. म्हटलं, आजारी माणसाला कशाला, बरा झाल्यावर सांगू. तू म्हणालास, "जरा मोठ्यानं बोल, इथं लई गडबड हाये." गडबड काही नव्हती. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

काल लोक पांगल्यावर मी बाबांजवळ बसलो. पांढऱ्या सदऱ्यात ते फार लहान दिसत होते. वहिनींनी तुझी वही आणून माझ्या हातात दिली, "ऑफिसचं असंल, तुम्हालाच कळंल," म्हणाल्या. बाबा आपले तुझ्याबद्दल बोलत होते, मधेच थांबत होते. मग म्हणाले, "मागल्या उन्हाळ्यात कानाच्या डाक्टरकडं गेल्ता जालन्याला. मला संगं घिऊन."

मी विचारलं, कान दुखत होता का?

"दुखत न्हवता. म्हणला, बा, मला येक ऐकू येतं अन् असतं दुसरं. त्यापायी ऑफिसात नाव खराब झालं. डाक्टरनं मशीन लावून बघितलं. म्हणला, कान बिलकुल चांगले हायेत. तरी याला पटंना. औरंगाबादला जाऊन अजून येकाला दाखवलं. त्यो बी तेच म्हणला." बाबांनी डोळे पुसले. "चांगले कान घिऊन गेलं लेकरू, अन् त्याला वाटायचं बिघडलेत."

नोकरीची जागा गेली, नाव गेलं, एवढं मला माहीत होतं. तुझ्या स्वतःच्या कानांवरचा तुझा विश्वास मी काढून घेतला होता, हे मला माहीत नव्हतं. परतूरच्या त्या चहात मी ते केलं, एका शब्दानं.

मी बाबांना सांगितलं. सगळं. पान, सतरावी ओळ, चारची यष्टी, परतूर. अंगणात कोणीतरी सतरंज्या झटकत होतं. माझं संपल्यावर ते म्हणाले, "त्याला सांगितलंतं?"

"न्हाई."

"मला कशाला सांगून राह्यला मंग, अंकुशदादा?"

ते रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते अंकुशदादाच म्हणाले, माझ्या आजोबांच्या अंगणात उभं राहून म्हणायचे तसं. मग म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी तवा ऐकलंतं, त्यांना सांग. त्याच जागी. हळू बोलू नको." मला यष्टीपर्यंत पोचवायला ते आले नाहीत, आणि ते बराबरच केलं त्यांनी.

आज सकाळी साहेबांना पत्र लिहिलं. एक पान पुरलं. परवा जाऊन ते हातात देणार आणि त्याच खोलीत, त्या सहांतले जे पाच उरलो त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचणार. नोकरीचं काय होईल माहीत नाही. हिला सांगितलं. ती म्हणाली, "दोन वर्षं तुम्हाला झोप कशी लागली?" लागत होती, हेच वाईट आहे. पुस्तिकेवर तुझं नाव घालायला सांगणार आहे, आणि डाव्या-उजव्यात आता मी तुझ्या बाजूनं आहे. जिंकलास म्हणून सांगत नाही. थकलोय आणि भांडायला कोणी नाही.

तुझी वही उघडली. मधे ते पान होतं, चार घड्या घातलेलं, कोपऱ्यात तुझी सही. सतराव्या ओळीखाली पेन्सिलची रेघ, बाजूला काहीच लिहिलेलं नाही. किती वेळा उघडून बघितलं असशील, घड्यांवर कागद विरला आहे. मी ते टेबलावर सपाट केलं, दार लावून घेतलं आणि तुझ्या रीतीनं पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं. प्रत्येक ओळीनंतर तुझ्या "पुढं"ला लागायचा तेवढा वेळ थांबलो. सोळा ओळी बरोबर आहेत.

ओळ सतरा. यादीची सुरुवात, अधिक, क्रम वजा एक, गुणिले तीन.

तीन आहे, दादाराव. पानावर तीन होतं, मी दुसरं वाचलं, आणि तू ऐकलंस ते अगदी बरोबर ऐकलंस. तुझे कान चांगले होते. आता मी तीनच वाचलंय. थांब म्हण.